थेट वाट बंद केली, भूषण

भूषण, तुझ्या शोकसभेत एकामागून एक सगळ्यांनी सांगितलं की तू क्लाउडचं काम करायचास. अंबडच्या आपल्या ऑफिसात, खालच्या मीटिंग रूममध्ये, तुझा फोटो प्रोजेक्टरच्या टेबलावर ठेवला होता आणि शेजारच्या कारखान्यातल्या प्रेसचे दणके भिंतीतून येत होते. साहेब म्हणाले, "भूषण हा आपल्या क्लाउड टीमचा आधारस्तंभ होता." मी मान खाली घातली. तू असतास तर माझ्या कानाशी येऊन पुटपुटला असतास, "कसला क्लाउड? हेच लोक ढगात हेत." मला हसू फुटलं, ते दाबताना ठसका लागला आणि शेजारच्या बाईंना वाटलं मला हुंदका आला. त्यांनी माझ्या पाठीवर हात ठेवला. त्या हाताखाली मग खरंच रडू आलं.

मला बोलायला सांगितलं तेव्हा मी उठले नाही. तुझं काम काय होतं ते नीट सांगू शकणारी त्या खोलीत मी एकटीच होते. म्हणून इथे सांगते. चुकलं तर तू टोकणार नाहीस, याचीच भीती वाटते.

एका खऱ्या कॉम्प्युटरच्या पोटात आपण दुसरे, नसलेले कॉम्प्युटर चालवतो. त्यांना व्हर्च्युअल मशीन म्हणतात. त्या मशीनलाही नेटवर्कचं कार्ड लागतं, डिस्क लागते. तीही नसतातच. आपण लिहिलेला एक प्रोग्राम कार्डाचं सोंग घेऊन बसतो. आतलं मशीन त्या सोंगाला सांगतं, बाहेरून माहिती आली की माझ्या मेमरीत अमुक पत्त्यावर ठेव. आता हा पत्ता जसाच्या तसा खरा धरायचा का? खरं कार्ड असेल तर त्याच्या आणि मेमरीच्या मध्ये हार्डवेअरचा एक भाग बसलेला असतो, आयओएमएमयू. कार्डाने दिलेला पत्ता तो आपल्या तक्त्यात बघतो, त्याचा खरा पत्ता करून देतो, आणि तक्त्यात नोंद नसेल तर कार्डाला तिथे हात लावू देत नाही. आतल्या मशीनलाही आपण असाच एक आयओएमएमयू देतो, अर्थात तोही सोंगातलाच. पण सोंगातल्या कार्डाला आतल्या मशीनची सगळी मेमरी उघडी दिसते. वाटलं तर ते पत्ता तपासून घेईल, वाटलं तर थेट लिहून मोकळं होईल. त्याला अडवणारं खरं लोखंड कुठेच नसतं. असतो तो फक्त ते लिहिणाऱ्या माणसाचा शहाणपणा.

तो माणूस तू होतास.

तू सटाण्याहून आलास तेव्हा मला जरा हेकट वाटला होतास. पहिल्याच आठवड्यात माझ्या कोडवर तू लिहिलं होतंस, "हे चालतं. पण का चालतं ते मला कळत नाही, म्हणून मी पास करणार नाही." मी चिडून तुझ्या टेबलापाशी आले, तर तू फोनवर आईशी अहिराणीत बोलत होतास. "हां माय, जेवनू ना माय, पोटभर जेवनू." समोर डबा तसाच, न उघडलेला. फोन ठेवून तू माझ्याकडे बघितलंस आणि डबा माझ्यापुढे सरकवलास. कळण्याची भाकरी आणि मिरचीचा ठेचा. भांडायला आलेली मी तुझा अर्धा डबा खाऊन गेले, आणि कोड पुन्हा लिहिलं.

तेव्हाच तुझं जेवणावरचं मन उडालेलं होतं. पाय सुजायचे, बुटाची नाडी सैल बांधायचास. आम्हाला वाटलं बसून बसून होत असेल. मग रिपोर्ट आले आणि दोन्ही किडन्या जवळजवळ गेल्याचं कळलं. मुंबई नाक्याजवळच्या दवाखान्यात तुझं डायलिसिस सुरू झालं. डाव्या हातात सुया, तो हात हलवायचा नाही, म्हणून तू उजव्या हाताने एक एक अक्षर टाइप करायचास. एकदा मी भेटायला आले आणि ते बघवेना, म्हणून लॅपटॉप ओढून घेतला. त्यानंतर ते ठरूनच गेलं. तू सांगायचास, मी टाइप करायचे. तुझं रक्त नळीतून त्या मशीनमध्ये जायचं, गाळून परत यायचं, आणि आपण दोघं वाद घालायचो. शेजारच्या पलंगावरचे आजोबा एकदा म्हणाले, "नवराबायको इतके भांडत नाय." स्वाती तिथेच होती. ती म्हणाली, "बाबा, बायको मी आहे. ही भांडायला ठेवलीये." तू इतका हसलास की नर्स धावत आली.

पिंपळगावचं प्रकरण त्या जानेवारीतलं. द्राक्षाचा हंगाम नुकता लागला होता. तिथल्या कोल्ड स्टोरेजमध्ये आपला कॉम्प्युटरचा डबा बसवलेला होता. त्यात एक व्हर्च्युअल मशीन खोल्यांचं तापमान सांभाळायचं आणि पॅकिंगच्या पट्ट्यावरच्या कॅमेऱ्याचे फोटोही घ्यायचं. तिथल्या सुपरवायझरचा, मोरेंचा, फोन आला. "मॅडम, पडद्यावर गार दाखवतंय. पण आत गेलं तर लय गरम लागतंय. माल घामेजलाय."

तू त्या दिवशी सकाळी डायलिसिसवर होतास. तुला फोनवर सांगून मी एकटी निघाले होते, तर वाटेत तू हाताला पट्टी तशीच बांधलेली, दवाखान्याच्या दारात उभा. स्वातीने माझ्याकडे बघून मान हलवली, म्हणजे ह्याला थांबवणं माझ्या हातात नाही. ओझरपर्यंत तू डोळे मिटून होतास. पुढे टेम्पोंच्या रांगेत गाडी अडकली तेव्हा डोळे न उघडताच म्हणालास, "तापमान तेच दाखवतंय म्हणजे सेन्सर मेलेला नाय. आकडा ठेवायची जागा मेलीय."

कोल्ड स्टोरेजमध्ये बायका टोप्या घालून द्राक्षाचे घड डब्यांत भरत होत्या. खोली गारच आहे असं धरून कॉम्प्रेसर बंद झालेला, खोलीत हात घातला तर नुसता दमटपणा. त्या खोलीतला माल परदेशी जाणार होता. मोरे सारखे फोनवर मालकाला सांगत होते, "आलेत, बघतायत." तू एका क्रेटवर बसलास आणि मला आतल्या मशीनची मेमरी उतरवून घ्यायला सांगितलंस. जिथे तापमानाचे नवे आकडे असायला हवे होते, तिथे कचरा होता, म्हणून पडदा जुनाच आकडा धरून बसला होता. मी म्हटलं, "मेमरी खराब झाली असेल." तू म्हणालास, "नाय. बघ, सुरुवात ओळखीची हे. ही फोटोची फाइल असते." तेवढा तुकडा वेगळा काढून उघडला, तर पडद्यावर हिरव्या द्राक्षाच्या घडाची एक पट्टी उमटली. वरचे मणी स्पष्ट आणि खाली सगळं फाटलेलं.

मोरे वाकून बघत होते. "हा तर आमचाच माल."

तू त्यांना जे सांगितलंस ते मला शब्दशः आठवतं. "काका, नेटवर्कच्या कार्डाला सांगितलं होतं, फोटो आला की पत्ता तपासून मग ठेव. ते तपासतो म्हणालं. बारक्या फोटोंना तपासत पण होतं. मोठा फोटो आला की घाई करून थेट टाकून द्यायचं. थेट टाकलं ते नेमकं तुमच्या तापमानावर पडलं." मोरे म्हणाले, "म्हणजे हमालाने दुसऱ्याच्या खोलीत माल टाकला." तू म्हणालास, "टाकला, आणि वर पावतीपण दिली की बरोबर टाकलाय."

खोली पुन्हा गार करायला घेतली. काही क्रेट मात्र गेलेच. ते बाहेर काढून ठेवलेले तू परतताना बघत उभा राहिलास, अंगात ताकद नसताना.

चूक सापडली, दुरुस्तही झाली. आपला वाद तिथून सुरू झाला. ती घाईची वाट आपणच ठेवली होती. प्रत्येक पत्ता तपासायचा म्हटलं की वेळ जातो, मोठे फोटो अडकतात, म्हणून थेट लिहायची मुभा होती. शिवाय जुन्या जागांवरच्या मशीनना पत्ता बदलून घेण्याची पद्धत माहीतच नव्हती. ती पूर्वीपासून खरे पत्तेच देत आली होती, आणि त्यांच्यासाठी थेट वाट हीच एक वाट होती. तू म्हणालास, "वाट बंद. जे मशीन तपासून घ्यायला तयार नाय, त्याच्यासाठी कार्ड सुरूच होणार नाय." मी म्हटलं, "म्हणजे दिंडोरीतल्या जुन्या कोल्ड रूम्स अपडेट होताच आंधळ्या होतील. ऐन हंगामात." तू म्हणालास, "आंधळी झाली तर कळतं तरी. चुकीचं बघत राहिली तर कळत नाय." मी म्हटलं, "कळेपर्यंत माल जाईल." तू म्हणालास, "आत्ता गेलाच ना?"

हा वाद आपण डायलिसिसच्या खुर्चीशी, गाडीत, तुझ्या घरच्या गॅलरीत घातला. मी सुचवलं, जुन्यांना मेमरीचा एक वेगळा कोपरा देऊ, कार्डाने तिथेच लिहायचं, मग आपण तिथून उचलून योग्य जागी ठेवू. तू म्हणालास, "दोनदा उचलायचं, दोनदा ठेवायचं, जुनी मशीन कासव होतील, आणि लोक तो कोपराच बंद करून टाकतील. लोकांना मी ओळखतो." तू आवाज चढवलास की तुला धाप लागायची आणि मग मी गप्प बसायचे. खरं सांगते, ते मला अजिबात आवडायचं नाही. तुझ्याशी बरोबरीने भांडण्याचा हक्क तुझ्या आजाराने माझ्याकडून काढून घेतला होता.

दुसरं भांडण आपण त्याहून हळू आवाजात केलं. मायची किडनी चालणार नाही असं डॉक्टरांनी सांगितलं, तिला स्वतःलाच साखर. स्वातीची जुळली. ती तयार होती, कागदपत्रं करायला घेतली होती. आणि तू नाही म्हणालास. "पोरगी लहान हे, चिऊ. दोघांतलं एक तरी धडधाकट पाहिजे. माझा बिघाड तिच्या अंगावर कशाला?" मी म्हटलं, "ती देते आहे. तू घेत नाहीयेस." तू माझ्याकडे असं बघितलंस की मी परक्या घरात बोलल्यासारखं वाटलं. पण मी बोलतच राहिले. डॉक्टरही बोलले. माय तर दवाखान्याच्या जिन्यात बसून म्हणाली, "मना पोऱ्या धोंडा शे, धोंडा." तू ऐकलं नाहीस. अवयवदानाच्या यादीत नाव घालू, मिळेल तेव्हा मिळेल, म्हणालास.

दुसऱ्याच्या मेमरीला धक्का लागेल म्हणून कार्ड बंद ठेवणारा माणूस आणि बायकोच्या शरीराला हात लावू न देणारा माणूस एकच होता, हे मला तेव्हाही दिसत होतं. त्यामुळे राग कमी झाला नाही. कोडमध्ये तुझा हट्ट मला पटत नव्हता तरी मान्य होता. किडनीच्या बाबतीत मात्र मी तो कधीच मान्य केला नाही, आजही करत नाही.

मार्चमध्ये हातातली सुयांची शीर बंद पडली, म्हणून गळ्याशी नळी घातली. गुरुवारी दुपारी मी आले तेव्हा स्वाती चिऊला शाळेतून आणायला गेली होती. तू म्हणालास, "अनघा, मी स्वातीला हो म्हणणारे." मला आधी कळेना, कशाला हो. मग समजलं. मी विचारलं, "सांगितलंस तिला?" "नाय. रविवारी सांगतो, घरी. इथे नळ्यांमध्ये नको. तू काय बोलू नकोस." पुढेही थोडं बोललास. मग दमून डोळे मिटलेस.

शनिवारी ताप चढला. नळीतून जंतू रक्तात गेले होते. रविवारी तू आयसीयूत होतास, तोंडात नळी, बोलता येण्याच्या पलीकडे. स्वाती काचेपलीकडून बघत होती. तुला जे तिला सांगायचं होतं ते फक्त मला माहीत होतं आणि मी तिच्या शेजारी उभी होते. मी सांगितलं नाही. तू उठशील, स्वतः सांगशील, असं वाटत होतं. तू उठला नाहीस.

त्याच कॉरिडॉरमध्ये स्वाती माझ्या खांद्यावर डोकं ठेवून म्हणाली, "त्याला राहायचंच नव्हतं, ताई. आमच्यासाठीसुद्धा नाही."

तू गेल्यावर ऑफिसात पुढची आवृत्ती अडून राहिली. निर्णय माझ्यावर आला. वाट बंद करायची की ठेवायची. मी तुझं म्हणणं पुन्हा पुन्हा मनात ऐकलं, माझं म्हणणंही. तू मेलास म्हणून तुझं खरं धरायचं, हे तुला चाललं नसतं. शेवटी मी पिंपळगावचा तो फाटलेला फोटो समोर ठेवला आणि विचार केला, मला कोणती चूक जास्त सहन होईल. थेट वाट बंद केली. सगळ्या जुन्या जागांना आधी कळवलं, बदलायला माणसं पाठवली.

तरी दिंडोरीची एक कोल्ड रूम राहून गेली. आमचा माणूस गेला तेव्हा गेटला कुलूप होतं, तो परत आला, आणि अपडेट मात्र आपोआप पोचला. पडदा काळा. मालक फोनवर जे बोलला ते इथे लिहीत नाही. मी स्वतः गेले. सकाळपासून उन्हं कलेपर्यंत त्या पत्र्याच्या खोलीत बसून जुनं मशीन काढलं, नवं उभं केलं. कार्ड सुरू झालं, पत्ते तपासून घेऊ लागलं, आकडे हलू लागले. पण तोवर एका खोलीतला माल गेला होता. मजूर तो ट्रॉलीत भरत होते, गोड आंबूस वास येत होता. मालक माझ्यासमोर उभा राहून म्हणाला, "तुमच्या नियमाने माझा माल गेला."

गेला. मी म्हटलं होतं तसाच गेला. आणि तू म्हटलं होतंस तसं, काय बिघडलं ते पहिल्या क्षणाला कळलं. दोघंही बरोबर निघालो, भूषण, आणि हे ऐकायला तू नाहीस. परत येताना रस्त्याकडेला गाडी थांबवून मी मोठ्याने तुझ्याशी भांडले. अगदी पूर्ण आवाजात, कारण आता तुला धाप लागणार नव्हती. शेजारून ट्रॅक्टर गेला, त्यावरचा माणूस वळून बघत राहिला. माझं सगळं बोलून झालं तरी समोरून "नाय" आलं नाही. तू गेलास हे मला तिथे, त्या रस्त्यावर कळलं. त्याआधी फक्त माहीत होतं.

दुसऱ्या दिवशी मी तुझ्या घरी गेले. तू मला गप्प राहायला सांगितलं होतंस. पण रविवारी सांगेन, असंही सांगितलं होतंस, आणि ते आता तुला जमणार नव्हतं. सांगितलं तर स्वातीला बरं वाटेल की आयुष्यभराची टोचणी लागेल, मला कळत नव्हतं. दारात पाऊल ठेवेपर्यंत कळलं नाही.

स्वाती जमिनीवर बसून मेथी निवडत होती. माय आतल्या खोलीत पडून होती, चिऊ तिच्याजवळ. मी स्वातीसमोर बसले, थोडी मेथी ओढून घेतली आणि म्हटलं, "स्वाती, भूषण तुला हो म्हणणार होता. रविवारी सांगणार होता."

तिचे हात थांबले. "कधी म्हणाला?"

"गुरुवारी. तू चिऊला आणायला गेली होतीस."

"काय म्हणाला? नीट सांगा. त्याचे शब्द सांगा."

मी सांगितले. तुझेच शब्द, त्यात माझं काही न घालता. "तिची किडनी घेतो. पण ऑपरेशनच्या आधी तिला एकदा गडावर नेऊन आणीन, सप्तशृंगीला. नंतर पायऱ्या चढायला तिला त्रास होईल."

मला वाटलं स्वाती आता कोसळेल. उलट तिच्या तोंडून हसू बाहेर पडलं, ओलं आणि मोठं.

"वेडा," ती म्हणाली. "मला कुठे त्रास होतो? मागच्या वेळी प्रत्येक टप्प्यावर तोच बसत होता. पाणी घेऊन मी उभी राहत होते."

मग ती रडली. इतके दिवस ती ज्या रडण्यात अडकली होती त्याहून ते वेगळं होतं. मी तिच्याजवळ सरकले. आतून मायचा आवाज आला, "काय व्हयनं व?"

स्वातीने पदराने तोंड पुसलं, मेथी बाजूला केली आणि उठून दाराशी गेली. माहेर तिचं नाशिकचं, अहिराणी ती एरवी बोलत नाही. चौकटीला धरून, तुझ्या आईच्या भाषेत तिने सांगितलं, "माय, तो हो म्हनेल व्हता."